थांबा, येतंय

९ फेब्रुवारी

ताई,

तुझा भाऊ प्रसिद्ध झाला आणि तुला त्याचा पत्ताही नसावा, हे काही बरं नाही. काल बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर कॉलेजच्या दोन मुली चक्क माझा आवाज काढून खिदळत होत्या. मी मागे बसून गालातल्या गालात हसत होतो. त्यांना सांगावं असं फार वाटत होतं, पण तेवढ्यात त्या उतरून गेल्या.

नीट सांगतो. निवडणूक लागली आणि सरकारी पक्षाच्या जाहिराती आमच्या स्टुडिओकडे आल्या. आमचे मालक (तेच, कायम सर्दी झाल्यासारखे बोलणारे) म्हणाले, "पोपट, मास्तर जमतील का?" मास्तर म्हणजे विरोधी पक्षाचे नेते, हे तुला सांगायला नकोच. एके काळी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. बोलता बोलता मधेच थांबतात आणि शब्द सापडेपर्यंत अख्खी सभा ताटकळत बसते. मी म्हटलं, जमतील का म्हणजे काय? एका बैठकीत काम फत्ते केलं. पत्रकार विचारतो, "देशासाठी तुमची योजना काय?" माझा मास्तर म्हणतो, "आ… आमची…" मग टेबलावर बोटाने टक, टक. मग "हां, तर…" आणि पुन्हा टक, टक. शेवटी एका बाईंचा गोड आवाज येतो, "यांचं एक वाक्य संपेपर्यंत पाच वर्षं संपतील!"

मालक हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. आता म्हणे खेड्यापाड्यांत पोरं एकमेकांना "हां, तर" म्हणून हाका मारतात. लहानपणी शेजारच्या काकूंचा आवाज काढला म्हणून तू माझा कान पिरगाळला होतास, आठवतंय? त्याच कानावर आता हेडफोन असतात, बाईसाहेब.

बाबांना ऐकव. दुपारच्या बातम्यांच्या आधी लागते. दुकानातला रेडिओ त्या वेळी चालूच असतो, मला माहीत आहे.

तुझा गाजलेला,
पोपट


२० फेब्रुवारी

पोपटराव,

तुमची कीर्ती इथवर पोचली आहे. शेजारच्या केस कापायच्या दुकानात दिवसभर तेच चालू असतं. अभिनंदन. आईने पेढ्यासारखं तोंड करून सगळ्या गल्लीला सांगितलं असतं. ती गेल्यापासून असलं कौतुक करणारं घरात कोणी उरलेलं नाही, तेव्हा माझ्यावर भागव.

दुकानातला रेडिओ सध्या बिघडला आहे. दुरुस्तीला टाकते, टाकते म्हणते, पण सवड होत नाही. चष्म्याचं गिऱ्हाईक वाढलं आहे आणि बाबांचा घसा बसलाय, त्यामुळे डोळे तपासतानाही मलाच बोलावं लागतं. ते भिंग बदलतात, मी विचारते, "हे बरं की हे बरं?" गिऱ्हाइकाला कळत नाही बघायचं कुणाकडे. परवा एका म्हाताऱ्याने भिंतीवरच्या तक्त्याऐवजी माझ्याच तोंडाकडे बघून अक्षरं वाचली.

तू फोन कर, फोन कर म्हणतोस. आपल्या घरात फोनचं काय होतं ते विसरलास का? बाबांचा शब्द यायच्या आत पलीकडचा माणूस लाइन तुटली समजून फोन ठेवून देतो. नवीन गिऱ्हाइकं तर त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात, तेही चुकीचं. अशा वेळी आईचा हात वर व्हायचा आणि ती म्हणायची, "थांबा, येतंय." आपल्या घरात बाबांचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, हा तिचा एकच कायदा होता. तू तो माझ्यापेक्षा जास्त पाळायचास. मी कंटाळून उठून जायचे. तू मात्र हनुवटीला हात लावून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचास, म्हणून बाबा सगळ्या गोष्टी तुलाच सांगायचे.

एक विचारते. ती टकटक तुला कुठून सुचली?

ताई


३ मार्च

ताई,

सोबत घशाच्या गोळ्या पाठवतो आहे. इथले गाणारे लोक ह्याच चघळतात. बाबांना म्हणावं, गिळायच्या नाहीत, जिभेवर ठेवायच्या.

कामाचा नुसता धुमाकूळ चालला आहे. मास्तरांच्या आणखी जाहिराती केल्या. एकीत ते दवाखान्यात डॉक्टरला दुखणं सांगतात आणि सांगून होईपर्यंत बरे होतात. दुसरीत लग्नाला होकार द्यायला उभे आहेत, तोवर मांडवातले पाहुणे जेवून घरी जातात. मालक म्हणतात, सरकार परत आलं की मला स्टुडिओत भागीदार करून घेणार. हरभऱ्याच्या झाडावर चढवताहेत हे कळतं मला, पण वरून दिसतं छान.

टकटकीचं काय एवढं? सुचली अशीच. खरे मास्तर नुसते थांबतात. रेडिओवर नुसती शांतता झाली तर ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. तिथे काहीतरी वाजायला हवं होतं.

रेडिओ दुरुस्त कर बाई. बाबांनी अजून एकही ऐकली नाही हे मनाला लागतंय.

पोपट


२४ मार्च

पोपट,

मतदान झालं. मी मत दिलं. बाबांनी दिलं नाही. केंद्रापर्यंत गेले आणि परत आले.

गोळ्या मिळाल्या. आणखी पाठवू नकोस. घसा तसाच आहे.

ताई


२८ मार्च

ताई,

तुझं पत्र म्हणजे तार झाली आहे हल्ली. अक्षरांना काय सोन्याचा भाव आलाय?

बाबांनी मत दिलं नाही ते माझ्यामुळे, हे मी ओळखलं. दर निवडणुकीला इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत सगळ्यांच्या आधी उभे राहणारा माणूस तो. मुलगा एका पक्षासाठी घसा खरवडतोय, त्याच्या विरुद्ध मत कसं द्यायचं आणि त्याच्या बाजूनेही कसं द्यायचं, असा पेच पडला असणार. त्यांना सांग, मी काही सरकारी पक्षाचा नाही. मी कुणाचाच नाही. उद्या मास्तरांनी बोलावलं तर त्यांच्यासाठीही बोलेन. त्यांनी उगाच मनाला लावून घेऊ नये.

पोपट


१५ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही असं घडलं आहे.

सरकार पडलं हे तिथेही कळलंच असेल. निकालाच्या दिवशी सकाळी स्टुडिओत हारतुरे आणून ठेवले होते. दुपारपर्यंत एकेक माणूस "आलोच हं" म्हणून जो गेला तो गेलाच. संध्याकाळी मी, मालक आणि ते हार एवढेच उरलो. मालक भिंतीकडे बघत म्हणाले, "पोपट, मी तुला कधी जबरदस्ती केली नव्हती हं." आता मास्तरांची माणसं येऊन मला कुठे टांगणार, एवढाच विचार डोक्यात होता. खोलीचं दार लावून बसलो, घरमालकिणीला सांगितलं मी गावाला गेलोय, आणि तिने दाराबाहेरूनच विचारलं, "मग चहा हवाय का?"

पण कुणी टांगलं नाही. उलट मालकांनी अशी टोपी फिरवली की बघत राहावं. पुढच्याच आठवड्यात नव्या पंतप्रधानांचं देशाला उद्देशून पहिलं भाषण आमच्या स्टुडिओत रेकॉर्ड करायचं ठरलं. भिंतीवरचा जुना फोटो जाऊन मास्तरांचा आला. खिळा तोच, फोटो थोडा मोठा.

मास्तर आले. साधा माणूस आहे. हातातली पिशवी स्वतःच खुर्चीला अडकवली. बरोबरच्या एका गृहस्थाने हसत हसत माझ्याकडे बोट दाखवलं, "साहेब, हाच तो." मला वाटलं जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. मास्तरांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "ऐकलं मी. माझी… नात रोज करून दाखवते." सगळे हसले. मीही हसलो. सुटलो म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "ते टेबल वाजवणं मात्र… कुणाचं हो? मी तसं कधी… करत नाही."

ताई, ते थांबले. उत्तरासाठी थांबले. बाकीचे कोणी थांबत नाहीत ग, विचारतात आणि पुढे जातात. हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि मला घरातला तो पाट आठवला, ज्याच्यावर बसून मी बाबांच्या तोंडाकडे बघायचो. माझं तोंड उघडं होतं आणि शब्द येत नव्हता. जन्मात पहिल्यांदा माझी अडकायची पाळी आली.

मी म्हटलं, "सुचलं असंच, साहेब."

ते म्हणाले, "छान आहे. मला वाटलं, कुणातरी खऱ्या माणसाचं असेल."

तू विचारलंस तेव्हाही मी हेच उत्तर दिलं होतं. मला माहीत होतं, ताई. स्टुडिओत पहिल्यांदा बोट टेबलावर आपटलं तेव्हाच माहीत होतं की हे बोट बाबांच्या चष्म्याच्या डबीवर पडतंय. पण काचेपलीकडे मालक हसले, आणि मग मला आणखी हसवायचं होतं. बाबांना ओळखू येणार नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. आपला आवाज आपल्याला कुठे ओळखता येतो, असं काहीतरी. लाज वाटते लिहायला.

आणखी एक आहे. मास्तर गेल्यावर त्यांच्या माणसांनी सांगितलं की भाषण असं लावायचं नाही, मधल्या मोकळ्या जागा काढून टाका. मालकांनी ते काम मलाच दिलं. म्हणाले, त्या जागा तुझ्याइतक्या कुणाला पाठ आहेत? मी कापल्या. सफाईने कापल्या. परवा लागलं ते भाषण तू ऐकलंस का? सगळे म्हणताहेत, मास्तर किती सुधारले. आता त्यांचं प्रत्येक भाषण माझ्याकडे येणार आहे. पक्की नोकरी. मला आनंद व्हायला हवा होता.

बाबांनी खरंच काही ऐकलं नाही ना? रेडिओ बिघडलेलाच आहे ना?

पोपट


२१ एप्रिल

पोपट,

रेडिओ कधीच बिघडला नव्हता.

तुला वाईट वाटू नये म्हणून मी इतके दिवस मूग गिळून बसले. तू विचारतोस म्हणून आता सगळं सांगते, आणि तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

तुला एक गोष्ट माहीत नाही. ह्या वर्षी बाबांना मास्तरांचं वेड लागलं होतं. आपल्यासारखा अडकणारा माणूस पंतप्रधान व्हायला उभा राहतो, ह्याचं त्यांना इतकं अप्रूप की त्यांची सभा रेडिओवर लागली की गिऱ्हाइकाला खुर्चीत तसंच बसवून ठेवायचे. मास्तर थांबले की बाबा रेडिओकडे हात करून आम्हाला म्हणायचे, "थांबा, येतंय." आईसारखं. आणि शब्द आला की त्यांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. तू त्याच पक्षाविरुद्ध काम करतोस, म्हणून मी हे तुला कळवलं नाही.

तुझी ती पहिली जाहिरात लागली तेव्हा खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. तपासायची जड फ्रेम त्यांच्या नाकावर होती. "आ… आमची…" झालं तेव्हा बाबा नुसते ऐकत होते. दुसऱ्या टकटकीला त्यांच्या हातातलं भिंग डबीत परत गेलं. त्या बाई हसत सुटल्या, फ्रेम नाकावरून घसरली. बाबांनी ती सावरली आणि तेही हसले. ते हसणं मी तुला सांगू शकत नाही. तू असतास तर तुला त्याचीही नक्कल करता आली असती.

हे शेवटचं मी रागाने लिहिलं. खोडत नाही.

मग शाळा सुटल्यावर पोरं दारावर टकटक करून पळायला लागली. त्यांना बाबांचं काही माहीत नाही रे, ती सगळ्याच दारांवर करतात. पण त्या दिवसापासून बाबांनी उजवा हात खिशात घातला. टकटक केल्याशिवाय त्यांचा शब्द निघत नाही हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. हात खिशात म्हणजे तोंडाला कुलूप. घसाबिसा काही बसला नव्हता. तुझ्या गोळ्या मी चघळल्या.

आता मतदानाचं. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच निघाले. मी मागे बायकांच्या रांगेत होते, सगळं दिसत होतं. टेबलाशी गेल्यावर तिथल्या माणसाने नाव विचारलं. बाबांनी ओळखपत्र पुढे केलं. तो म्हणाला, "तोंडाने सांगा, आजोबा." आपलं नाव त्यांना सगळ्यात अवघड जातं. बराच वेळ ते उभे राहिले. मग हात खिशातून बाहेर आला आणि टेबलावर पडला. टक, टक.

सगळी रांग हसायला लागली. टवाळीने नाही, पोपट. त्यांना वाटलं म्हातारा रेडिओवरची नक्कल करतोय. मागून एक जण म्हणाला, "अगदी हुबेहूब!" दुसरा म्हणाला, "आजोबा, पुन्हा एकदा!" टाळ्या वाजल्या. टेबलामागचा माणूसही हसत होता. कुणीतरी कौतुकाने त्यांची पाठ थोपटली.

बाबांनी सगळ्यांकडे बघून मान हलवली, ओळखपत्र खिशात ठेवलं आणि मत न देता बाहेर पडले. मी रांग सोडून धावले नाही. मत देऊन मग घरी गेले. त्याची लाज मला वाटते आहे, तुझी तू बघ.

गेल्या आठवड्यात मास्तरांचं ते भाषण होतं. इतक्या दिवसांनी बाबांनी स्वतः रेडिओ लावला. खुर्ची ओढून जवळ बसले, हात वर करायच्या तयारीत. आणि मास्तर भडाभडा बोलत सुटले. एकदाही अडकले नाहीत. हात तसाच मांडीवर राहिला. भाषण संपायच्या आधीच त्यांनी रेडिओ बंद केला. मतदानानंतर पहिल्यांदा बोलले, आणि बोलले ते एवढंच: "हे… ते नव्हेत."

मला वाटलं निवडून आल्यावर माणूस बदलतो तसं म्हणत असतील. तुझं पत्र आल्यावर कळलं.

पत्र त्यांनी वाचलं आहे. मी लपवलं नाही.

ताई


२९ एप्रिल

बाबा,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. ताईच्या पत्रात खाली "बाबांना नमस्कार" एवढंच. आता लिहायला बसलो तर किती कागद फाडले.

मी सगळ्यांना सांगणार होतो की ती टकटक तुमची आहे. मास्तरांनाही पत्र लिहिणार होतो. मग वाटलं, म्हणजे तुम्हाला आणखी एकदा चव्हाट्यावर मांडणार. म्हणून तेही केलं नाही. मी तुमच्यासमोर बसून तुमचं बोलणं ऐकायचो तेव्हा तुम्हाला वाटायचं पोरगा थांबतोय. मी थांबतच होतो, बाबा. देवाशप्पथ थांबत होतो. पण ते सगळं कुठेतरी साठत गेलं आणि मी ते बाजारात मांडलं.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही. तुम्ही रागवा. काहीतरी म्हणा.

नोकरीचं काय करू तेही सांगा. पुढच्या भाषणाची टेप माझ्या टेबलावर आहे. मी तिला हात लावलेला नाही.

पोपट


६ मे

पोपट,

कागदावर मी कुठे अडकत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या आईला मी लग्नाआधी अशीच पत्रं लिहायचो. भेटल्यावर ती म्हणाली, पत्रातला माणूस वेगळाच होता, पण हाही चालेल.

टेपबद्दल विचारलंस. त्या जागा कापू नकोस. तुम्ही लोक त्यांना मोकळ्या जागा म्हणता. त्या मोकळ्या नसतात. तिथे माणूस काम करत असतो, बाकीच्या वाक्यात करतो त्यापेक्षा जास्त. कापायला सांगितलं तर नाही म्हण, आणि नोकरी गेली तर दुकानात ये, ताईला मदत लागते. तुझ्या गळ्याचा दोष नाही. नक्कल चांगली होती. दुसरी टकटक पहिलीपेक्षा जराशी हळू पडते, ते तू नेमकं पकडलंस. ते आईलाही माहीत नव्हतं.

तू रागवा म्हणतोस. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. ती मी इथे लिहिणार नाही. लिहिली तर पटकन लिहून होईल आणि तू पटकन उत्तर देशील. ती मी तुला समोर बसवून तोंडाने विचारणार आहे, आणि ते वाक्य तू पुरं करायचं नाहीस.

हात आता खिशाबाहेर आहे. ये. परतीचं तिकीट काढून येऊ नकोस, वेळ लागेल.

बाबा